तक्त्यातले आकडे आणि जांभ्याची घाटी

कुडाळ तालुक्याच्या पश्चिमेला पाट-परुळ्यापलीकडे समुद्र आहे आणि पूर्वेला शिवापूर-नारूरच्या डोक्यावर सह्याद्रीचा कडा उभा आहे. या दोहोंच्या मधला पट्टा सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी दुचाकीवरून आडवा पार करता येईल एवढाच असला, तरी तेवढ्यात चाकाखालची जमीन चार-पाच वेळा बदलते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, म्हणजे पूर्वीचा १७ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग, येथे काँक्रीटचा चौपदरी झाला आहे. त्याला फुटणारे गावरस्ते डांबरी असले तरी दर पावसाळ्यात त्यांच्या कडा खचतात. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, चिरेखाणींकडे जाणाऱ्या वाटा सुट्या तांबड्या खडीच्या असतात. आणि रस्त्यापासून घराच्या खळ्यापर्यंतचा, म्हणजे अंगणापर्यंतचा, शेवटचा तुकडा ही बहुधा दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी बांधांमधून, उतरणारी घाटी असते, जिच्यावर जूनपासून शेवाळ धरते. जाहिरातींत जो रस्ता ‘साहस’ म्हणून दाखवला जातो, तो येथे अनेकांच्या डेअरीत दूध घालायला जाण्याच्या वाटेवर लागतो. त्यामुळे या प्रकारच्या मोटारसायकलींची तुलना करताना कंपन्यांच्या माहितीपत्रकातले रकाने ज्या क्रमाने छापलेले असतात, त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमाने ते वाचणे कुडाळच्या ग्राहकाच्या सोयीचे ठरते.

‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकल म्हणजे डांबरी रस्त्यावर ताठ बसून लांबचा पल्ला न थकता गाठता यावा आणि डांबर संपले तरी गाडी मागे फिरवावी लागू नये, या दोन्ही अपेक्षा एकाच सांगाड्यात बसवण्याचा प्रयत्न होय. या जातीची मूळ पुरुष मानली जाणारी बीएमडब्ल्यू कंपनीची ‘आर ८० जी/एस’ ही गाडी १९८० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिस-डकार ही वाळवंटी शर्यत जिंकली. तिच्या नावातली ‘जी’ आणि ‘एस’ ही अक्षरे रानवाट आणि रस्ता या अर्थाच्या जर्मन शब्दांची आहेत. ते इंजिन ८०० सीसीच्या घरातले होते. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर, आणि इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या खालपासून वरपर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो तिचे ते माप असते. युरोपात आजही ७०० ते ९०० सीसीच्या गाडीला ‘मध्यम’ म्हणतात. भारतात मात्र ४०० ते ४५० सीसीची गाडी मध्यम आणि त्याखालची लहान समजली जाते, आणि येथील रस्ते, इंधनाचा खर्च आणि सरासरी स्वाराची चण पाहता ही देशी विभागणीच अधिक शहाणपणाची आहे.

भारतात या वर्गाचा इतिहास तोकडा आहे. हिरोची १५० सीसीची ‘इम्पल्स’ २०११ मध्ये आली, पण तिच्या सांगाड्याच्या मानाने इंजिन दुबळे पडले आणि ती फारशी चालली नाही. बाजार खऱ्या अर्थाने उघडला तो २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या ४११ सीसीच्या ‘हिमालयन’ने. त्यानंतर २०१९ मध्ये हिरोची ‘एक्सपल्स २००’, २०२० मध्ये पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी ‘केटीएम ३९० ॲडव्हेंचर’, २०२२ मध्ये सुझुकीची २५० सीसीची ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ आणि नव्या अवतारातील ‘येझदी ॲडव्हेंचर’ अशी रांग लागली. पाण्याने थंड होणाऱ्या ४५२ सीसी इंजिनाची नवी हिमालयन तर कुडाळहून दोनेक तासांच्या अंतरावर, गोव्यातील वागातोरच्या मेळाव्यात, नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात उतरवली गेली. २०२५ मध्ये ‘एक्सपल्स २१०’, ३९९ सीसीची नवी केटीएम आणि टीव्हीएसची ३०० सीसीची ‘अपाचे आरटीएक्स’ आली. या वर्गातल्या गाड्या येण्याआधीच्या पिढ्यांनी आंबोली घाट राजदूत, येझदी आणि बुलेटवर चढला आणि माशांच्या टोपल्या बजाज एम-८० वर गावोगाव फिरल्या, हेही विसरता येत नाही. घाट चढायला खास गाडीच लागते असे नाही, खास गाडीने तो चढताना कंबर कमी दुखते एवढेच.

किमतीचा विचार करताना ३५० हा आकडा आधी ध्यानात घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवरील कर, जो उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. याचा हिशेब सोपा आहे: करापूर्वी दोन लाख रुपयांची असलेली गाडी या ३५० सीसीच्या कुंपणाच्या अलीकडे असेल तर २ लाख ३६ हजारांना पडते आणि पलीकडे असेल तर २ लाख ८० हजारांना. इंजिनाच्या गुणवत्तेशी या ४४ हजारांचा काहीही संबंध नाही. विम्यातही हीच रेघ ओढलेली आहे. २०२२ साली ठरवलेल्या दरांनुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये होतो, आणि नव्या दुचाकीचा हा विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागत असल्याने फरक पहिल्याच दिवशी खिशाला जाणवतो. म्हणून शोरूमच्या दारावर लावलेल्या ‘एक्स-शोरूम’ किमतींची तुलना निरुपयोगी आहे. पासिंग, रस्ता कर आणि विमा धरून हातात पडणारी ‘ऑन-रोड’ किंमत लेखी घेऊनच दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात.

माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेली असते ती शक्ती, आणि तिच्या खाली टॉर्क. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना मनगटातून जो पीळ द्यावा लागतो तो टॉर्क, आणि असे नट मिनिटाला किती सोडवले जातात ती शक्ती, असे म्हटले तर दोहोंतला भेद लक्षात येतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतो हे त्याच्या शेजारी लिहिलेले असते. बहुतेक ग्राहक पहिला आकडा पाहतात आणि दुसरा सोडून देतात, हीच खरी चूक. जुन्या ४११ सीसी हिमालयनचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ४,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळत असे, तर जुन्या ३७३ सीसीच्या केटीएमचा ३७ न्यूटन-मीटर टॉर्क ७,००० फेऱ्यांना. कागदावर केटीएम पुढे आहे. पण आंबोलीच्या वळणावर समोरून एसटी उतरत असताना, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस बसलेला असताना इंजिन जेव्हा तीन हजार फेऱ्यांवर गुरगुरत असते, तेव्हा ज्या गाडीचा पीळ खालीच मिळतो ती क्लच न दाबता वळण काढते आणि दुसरीला गिअर पाडून इंजिन किंचाळवावे लागते. नव्या पिढीत हे अंतर कमी झाले आहे, कारण ४५२ सीसीची हिमालयन ४० न्यूटन-मीटर ५,५०० फेऱ्यांना देते आणि ३९९ सीसीची केटीएम ३९ न्यूटन-मीटर ६,५०० फेऱ्यांना. एक्सपल्स २१० चा २०.७ आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्सचा २२.२ न्यूटन-मीटर टॉर्क मात्र सव्वासात हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. अर्थात इंजिनाचा पीळ गिअरच्या दात्यांतून अनेक पटींनी वाढून मागच्या चाकाला पोचतो, आणि लहान गाडीचे पहिले-दुसरे गिअर मुद्दाम अधिक जोराचे ठेवलेले असतात, त्यामुळे लहान इंजिन घाटात अडकून पडते असे समजू नये. त्याला चढावर हाकावे लागते, मोठ्याला नुसते सोडले तरी चालते, इतकाच फरक.

शक्तीची तुलना करायचीच असेल तर ती गाडीच्या वजनाबरोबर आणि तीही डबलसीट करावी, कारण येथे मोटारसायकलवर एकटा माणूस क्वचितच दिसतो. ७० किलोचा स्वार आणि ६० किलोची सोबत धरली, तर दर शंभर किलोंमागे एक्सपल्स २१० ला सुमारे ८.२ अश्वशक्ती मिळते, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला ८.९, अपाचे आरटीएक्सला ११.६, नव्या हिमालयनला १२.३ आणि नव्या केटीएमला १४.७. पहिल्या दोन गाड्या आणि उरलेल्या तिन्ही यांच्यामध्ये स्पष्ट पायरी दिसते. पण त्या पायरीची किंमत किती द्यायची हे ठरवताना, चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्याने घातलेली मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि तो वेग या पाचही गाड्या सहज गाठतात, हेही लक्षात ठेवावे.

खरी परीक्षा घाटीत होते, आणि ती वजनाची व सीटच्या उंचीची असते. पाऊस नुकताच थांबलेला आहे, जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्यांवरून तांबडे पाणी ओघळते आहे, गडग्याच्या बाजूने हिरवे शेवाळ आहे आणि मधोमध एका चाकाच्या रुंदीएवढी खरखरीत, घासून स्वच्छ झालेली पट्टी आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडून, इंजिनाच्या अडवणुकीवर उतरते आहे. मध्येच चाक पट्टीवरून सरकते, गाडी झुकते आणि स्वार पाय टेकतो. हा पाय अख्खा तळवा टेकला तर गाडी सावरते. नुसता चवडा टेकला तर बूट शेवाळावरून घसरतो आणि पुढचा अर्धा सेकंद गाडीचे वजन ठरवते. एक्सपल्स २१० चे वजन १६८ ते १७० किलो, व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे १६७, अपाचे आरटीएक्सचे १८०, केटीएमचे त्याहून थोडे अधिक आणि नव्या हिमालयनचे १९६ किलो आहे. पहिल्या आणि शेवटच्या गाडीतला फरक तांदळाच्या एका पंचवीस किलोच्या पोत्याहून जरा जास्तच भरतो, आणि कलंडलेली गाडी उभी करताना ते पोते उचलायला शेजारी कोणी असेलच याची खात्री नसते. हे सारे आकडे ‘कर्ब’ वजनाचे, म्हणजे तेल-पेट्रोल भरून रस्त्यावर उतरायला तयार असलेल्या गाडीचे आहेत. काही जाहिरातींत ‘ड्राय’, म्हणजे पेट्रोलशिवायचे वजन दिलेले असते, आणि दोहोंची सरमिसळ झाली की तुलना फसते. वर लोखंडी क्रॅश गार्ड, सामानाचे पत्र्याचे डबे आणि डिकी लावली की हौसेने हलकी म्हणून घेतलेली गाडी बघता बघता जड होते.

सीटची उंची जमिनीपासून बैठकीच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत मोजतात. एक्सपल्स २१० आणि नवी केटीएम यांची ती ८३० मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, तर नव्या हिमालयनची ८२५ किंवा ८४५ अशी बदलता येते. जुनी हिमालयन ८०० वर होती आणि तिच्या लोकप्रियतेचे हे न बोलले गेलेले कारण होते. मात्र या आकड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय आखूड पडतात, अरुंद सीट तेवढ्याच उंचीवर पाय टेकू देते. शिवाय स्वार बसताच शॉकअप दबून गाडी काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणून कागदापेक्षा प्रत्यक्ष बसणे, आणि तेही रोजच्या चपलेत किंवा गमबुटांत बसणे, अधिक खरे उत्तर देते.

चाकाच्या आकाराबद्दल बरेच गूढ बोलले जाते, पण त्यामागचे गणित शाळकरी आहे. पुढच्या रिमचा व्यास २१ इंच असेल तर टायर धरून चाक साधारण ७० सेंटिमीटर उंच होते, १९ इंची रिमचे ६६ आणि रोजच्या गाड्यांच्या १७ इंची रिमचे ५९ सेंटिमीटरच्या आसपास. खड्ड्याची कड किंवा वर आलेला चिऱ्याचा दगड मोठ्या चाकाला त्याच्या उंचीच्या मानाने लहान दिसतो, म्हणून मोठे चाक त्यावर चढते आणि लहान चाक त्याला धडकते. एक्सपल्स, येझदी, हिमालयन आणि नवी केटीएम यांचे पुढचे चाक २१ इंची आहे. व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि अपाचे आरटीएक्स १९ इंचांवर थांबतात, कारण मोठे चाक वळणात आळसावते आणि डांबरावर लहान चाकच चपळ असते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीचे अंतर, आणि सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे शॉकअप पूर्ण दबेपर्यंत चाक किती वर-खाली होऊ शकते ते अंतर, ही दोन मापे सोबत वाचावीत. हिमालयनचे क्लिअरन्स २३० मिलिमीटर आणि दोन्ही चाकांचा प्रवास २०० मिलिमीटर आहे, एक्सपल्स २१० ची मापेही तिच्या जवळपासच येतात. व्ही-स्ट्रॉमचे क्लिअरन्स २०५ असले तरी तिचे शॉकअप रोजच्या गाडीसारखेच आखूड आहेत, त्यामुळे पोट घासणार नाही पण पाठीला हिसके बसतील.

रिम आऱ्यांची की ॲलॉयची, हा प्रश्न खरेदीच्या वेळी रंगाचा वाटतो आणि पहिल्या पंक्चरला त्याचे खरे रूप कळते. ॲलॉय म्हणजे एकसंध ओतीव मिश्रधातूची रिम. तिच्यात हवा टायरच धरून ठेवतो, आत ट्यूब नसते, आणि खिळा रुतला तर तो उपसून भोकात रबराची चिकट वात ठोसली की चाक न काढता दहा-पंधरा मिनिटांत काम होते. आऱ्यांच्या साध्या रिमला प्रत्येक आऱ्याच्या बुडाशी भोक असते आणि तिथून हवा निसटेल म्हणून आत ट्यूब लागते. हिचे पंक्चर काढायचे तर गाडी मेन स्टँडवर नाहीतर दगडावर चढवायची, मागचे चाक असेल तर चेन सैल करून ॲक्सल ठोकून बाहेर काढायचा, टायरची कड दोन पहारींनी रिमवरून उचलायची, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बोटाने धरून ठेवायचे, घासायचे, ठिगळ चिकटवायचे आणि मग हेच सारे उलट्या क्रमाने करताना ट्यूब पहारीत चिमटू द्यायची नाही. महामार्गावर हे करणारा पंक्चरवाला भेटतो, नारूरच्या वाटेवर संध्याकाळी सहानंतर भेटेलच असे नाही. उलट बाजूने पाहता, ॲलॉय रिम दगडावर जोरात आदळली तर तिला तडा जाऊ शकतो, आणि आऱ्यांची रिम वाकते, पण ठोकून सरळ करता येते आणि घरापर्यंत आणते. नव्या हिमालयनला आऱ्यांची असूनही ट्यूबलेस रिम मिळते; तिच्यातले आरे रिमच्या मधोमध न शिरता कडेला अडकवलेले असतात, म्हणून हवा निसटायला वाट राहत नाही. जास्तीचे पैसे कशावर घालावेत असे विचारले तर या जिल्ह्यात तरी हँडलसमोरच्या रंगीत पडद्यापेक्षा या रिमवर घालावेत, असे म्हणता येईल.

ब्रेकच्या बाबतीत एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली आहे. ओल्या डांबरावर आणि महामार्गाच्या काँक्रीटवर ती जीव वाचवते. सुट्या जांभ्याच्या खडीवर उतरताना मात्र तीच यंत्रणा मागचे चाक सतत सोडत राहते आणि गाडी थांबायचे नाव घेत नाही, कारण खडीत थोडे घसरणारे चाक समोर खडीचा ढीग साचवून गाडीला अडवत असते. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे का, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती निवड टिकते का, हे दोन्ही विचारावे.

पावसाचे पाणी हा वेगळाच विषय आहे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, भंगसाळ नदी फुगली की कुडाळ शहराच्या सखल भागाला धाक बसतो, आणि माणगाव खोऱ्यात निर्मला नदीवरचे आंबेरीचा कमी उंचीचा पूल वर्षानुवर्षे पाण्याखाली जात आला आहे. ॲडव्हेंचर गाडीचा हवा ओढण्याचा मार्ग उंचावर असतो, त्यामुळे गुडघाभर साचलेल्या पाण्यातून ती जाऊ शकते. पण वाहत्या पाण्याचा रेटा गाडीच्या जातीकडे पाहत नाही, आणि पुलावरून पाणी वाहत असताना थांबणे हेच तंत्र आहे. हवेच्या मार्गाने पाणी इंजिनात शिरले तर दट्ट्याला ते दाबता येत नाही, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. मग दट्ट्याची दांडी वाकते, आणि अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला तर नुकसान अनेक पटींनी वाढते. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही. इंजिनासाठी वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते, आणि कुडाळात ते घेणे ही चैन नव्हे.

गाडी कोणाची, यावर निवड शेवटी फिरते. वर्षभर कुडाळातच राहणारा, बागायतीत, शेतात, बाजारात आणि कधीमधी आंबोलीला किंवा गोव्याला जाणारा ग्राहक असेल, तर २०० ते ३०० सीसीची हलकी गाडी त्याला पुरून उरते आणि कराच्या कुंपणाअलीकडे राहिल्याने पैसेही वाचतात. चतुर्थीला आणि शिमग्याला मुंबईहून सुमारे पाचशे किलोमीटर अंतर कापून डबलसीट येणाऱ्या चाकरमान्याचे गणित वेगळे आहे; दिवसभर ऐंशीच्या वेगाने जाताना लहान इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत राहून हातापायांना मुंग्या आणते, तर ४०० ते ४५० सीसीचे इंजिन त्याच वेगाला निवांत असते. हिमालयनच्या टाकीत १७ लिटर पेट्रोल बसते आणि लिटरला २८ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तरी पावणेपाचशे किलोमीटरची मजल होते, म्हणजे पनवेलला टाकी भरून निघालेल्याला वाटेत पंप शोधण्याची फारशी गरज उरत नाही. व्ही-स्ट्रॉमची टाकी १२ लिटरची असली तरी तिचे ॲव्हरेज अधिक असल्याने ती फार मागे राहत नाही. जो वर्षातून दोनदाच गावी येतो आणि उरलेले दिवस ठाण्याच्या वाहतुकीत काढतो, त्याने मात्र दोनशे किलोची गाडी घेण्यापूर्वी स्वतःच्या सोसायटीतली पार्किंगची जागा एकदा टेपने मोजावी.

पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, गाडी घालण्याची हौस चित्रफितींमुळे वाढली आहे. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे ती हौस टाळणेच बरे, आणि गाडीच्या दृष्टीनेही खारी वाळू चेनमध्ये शिरली की एका मोसमात चेन-स्प्रॉकेट खाऊन टाकते. खाऱ्या हवेचा परिणाम किनाऱ्यापासून आत असलेल्या कुडाळातही दिसतो. जुनी ४११ सीसी हिमालयन आता नवी मिळत नाही आणि म्हणून सेकंड हँड बाजारात तिला मागणी आहे. कोणतीही जुनी गाडी पाहताना टाकीच्या चकाकीवर न जाता आऱ्यांची रिममधली टोके, सायलेन्सरचा इंजिनाखालचा वाक, रेडिएटर असलेली गाडी असेल तर त्याच्या जाळीतला तांबडा चिखल आणि हँडलच्या मानेखालचे सांधे पाहावेत, कारण गंज तिथून सुरू होतो. मुंबईहून किंवा गोव्यातून आणलेली गाडी असेल तर कागदही तेवढ्याच बारकाईने पाहावेत. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर येथील नोंदणी घ्यावी लागते, आणि कर भरून तिला एमएच ०७ मिळेपर्यंत ती स्वस्त पडली की नाही हे ठरत नाही. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हाही किमतीचाच भाग आहे; ब्रेकचे पॅड किंवा क्लचची वायर यासाठी कोल्हापूर किंवा मडगाव गाठावे लागणार असेल, तर प्रत्येक वेळी एक दिवस आणि वर जाण्यायेण्याचे पेट्रोल जाते.

शोरूमची चाचणी फेरी बहुधा सरळ रस्त्यावर एका किलोमीटरची असते आणि तिच्यातून वेगाखेरीज काहीच कळत नाही. त्याऐवजी गाडी बंद ठेवून ती थोड्या चढावर मागे ढकलून पाहावी, हँडल पूर्ण वळवून अरुंद रस्त्यात यू-टर्न घ्यावा, घरातले माणूस मागे बसवून त्याला चढता-उतरता येते का ते पाहावे, कारण मागची सीट पुढच्याहून उंच असते आणि साडी नेसलेल्या बाईला किंवा साठीच्या गृहस्थाला तेवढा पाय उचलणे जमत नाही. आणि निघण्यापूर्वी साइड स्टँड वाकून पाहावा. पावणेदोनशे-दोनशे किलोंचा कल या दांडीच्या तळाशी असलेल्या दोन बोटे रुंद पत्र्यावर येतो. जुलैच्या खळ्यात तो चिखलात हळूहळू रुततो आणि पहाटे गाडी आडवी पडलेली सापडते. या भागात त्यावर जुना उपाय आहे तो चिऱ्याच्या सपाट कपचीचा, जी अंगणाच्या कडेला कायम पडलेली असते. काही जण वेल्डिंगवाल्याकडून स्टँडच्या तळाला तळहाताएवढी पट्टी जोडून घेतात, आणि अनेक गाड्यांसाठी अशी पट्टी तयारही विकत मिळते.